संगणक स्वच्छ झाला, धूळ कुठे गेली?

पितृपंधरवडा संपत आला की माझ्या दवाखान्यातली गर्दी एकदम वाढते. तापाचे आणि जुलाबाचे रुग्ण पावसाळाभर असतातच. पण या आठवड्यात येणारे रुग्ण निराळे. शिंका थांबत नाहीत, नाक गळते, डोळे चुरचुरतात आणि रात्री आडवे झाले की खोकल्याची उबळ येते. "काल काय केलंत?" असे विचारले की बहुतेकांचे उत्तर एकच असते, "घर काढलं, डॉक्टर."

नवरात्राच्या आधी घर काढायची आपली रीत चांगलीच आहे. माळ्यावरची भांडी उतरतात, जळमटे निघतात, पांघरुणे धुतली जातात. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत या कामात आणखी एका वस्तूची भर पडली आहे, ती म्हणजे संगणक. खंडेनवमीला आणि दसऱ्याला सुतार करवतीला, शिंपी शिलाई मशीनला, रिक्षावाला रिक्षाला हळदकुंकू वाहतो. तसा आता दुकानातला, क्लासमधला आणि घरातला संगणकही झेंडूची माळ घालून बसतो. पूजेआधी तो पुसायला हवा. मग घरातला कुणी उत्साही मुलगा पेटी उघडतो, आतला धुळीचा थर पाहून "बाप रे!" म्हणतो आणि जोरात फुंकर मारतो.

वाचकहो, आजचा लेख त्या फुंकरीविषयी आहे. त्यात माझी स्वतःची एक चूकही सांगायची आहे.

सोमवारचा खोकला

माझा दवाखाना चिखलोलीला. दोन वर्षांपूर्वी जवळच्याच एका चाळीतली सात वर्षांची मुलगी माझ्याकडे येऊ लागली. दुसरीत शिकणारी, बडबडी पोर. पहिल्यांदा आणली तेव्हा खोकून खोकून बेजार झाली होती. छातीला नळी लावली तर घरघर स्पष्ट ऐकू येत होती. औषध दिले, बरे वाटले. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. महिन्याने पुन्हा. एकदा तर पहाटे वडील तिला खांद्यावर टाकून घेऊन आले. श्वासागणिक बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात होती. एक वाक्य तिला सलग बोलता येत नव्हते. नेब्युलायझर लावल्यावर तासाभराने पोरीला झोप लागली, तेव्हा आम्ही मोठी माणसे खुर्चीत टेकलो.

"कंपन्यांचा वास, डॉक्टर. दुसरं काय?" वडील म्हणाले.

मलाही ते पटले. अंबरनाथ आणि बदलापूर या दोन स्थानकांच्या मधले हे आमचे गाव. शेजारीच औद्योगिक वसाहत आणि तिच्यात रासायनिक कारखाने. कधी रात्री असा उग्र वास सुटतो की खिडक्या लावून घ्याव्या लागतात. त्यामुळे इथे कुणाला खोकला आला की बोट आधी कारखान्यांकडे जाते. ते दरवेळी चुकीचे असते असे नाही. पण एकदा बोट तिकडे गेले की माणूस घरात पाहायचे सोडून देतो. डॉक्टरही सोडतो.

तरी मी नेहमीचे प्रश्न विचारले होते. घरात कुणी बिडी-सिगारेट ओढते का? नाही. डासांची कॉइल लावता का? लावायचो, आता बंद केली. (बरे केले. एका कॉइलच्या धुरातून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या कणांइतके भरतात, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले होते.) मांजर, कबुतरे? नाही. वडील काय करतात? एका कंपनीत पॅकिंगला आहेत. तिथे पावडर, रसायन? नाही, खोकी भरण्याचे काम. केसपेपरवर मी ‘नोकरी’ असे लिहिले आणि पुढे गेलो.

एकदा मुलीच्या आईने विचारले, "डॉक्टर, हिला सोमवारीच का होतं हो?"

मी म्हणालो, "रविवारी बाहेरचं काही थंड खात असेल, ताई."

त्या गप्प बसल्या. आज ते बोलणे आठवले की मला माझीच लाज वाटते. रोगाचा माग त्या माउलीने काढून माझ्या टेबलावर ठेवला होता आणि मी तो बाजूला सारला.

दवाखान्यातला ढग

त्याच सुमारास दवाखान्यातला संगणक रुसला. पंखा पिठाच्या गिरणीसारखा आवाज करी आणि अर्ध्या तासात मशीन आपोआप बंद पडे. शेजारचे मेडिकलवाले म्हणाले, "रविवारी एक जण येतो. हात चांगला आहे त्याचा. पाठवून देतो."

रविवारी सकाळी पाठीला सॅक आणि हातात ब्लोअर घेऊन आला तो त्या मुलीचा बाप!

त्याने पेटी उघडून दाखवली. पंख्यावर आणि त्याच्याखालच्या धातूच्या पट्ट्यांवर धुळीची अक्षरशः गोधडी झाली होती. "बघा डॉक्टर, या पट्ट्यांमधून गरम हवा बाहेर जायला पाहिजे. वाटच बंद झालीय. मशीन जास्त तापलं की जळू नये म्हणून स्वतःच बंद होतं." माणसाला ताप आला की आपण पडून राहतो, तसेच हे. मला मौज वाटली.

मग त्याने ब्लोअर सुरू केला. खिडकीतून उन्हाचा एक पट्टा आत येत होता. त्या पट्ट्यात करड्या धुळीचा असा लोट उठला की समोरची भिंत दिसेना. माझा कंपाउंडर शिंकू लागला. पाच मिनिटांत पेटी आतून लख्ख झाली. पण धूळ? ती तपासणीच्या टेबलावर होती, वजनकाट्यावर होती, माझ्या स्टेथॉस्कोपवर होती. आणि जी दिसत नव्हती ती हवेत होती. म्हणजे आम्हा तिघांच्या नाकात होती.

सहज विचारले, "हे काम रोज कुठे करता?"

"घरीच, डॉक्टर. शनिवार-रविवार चार-पाच मशीन येतात. पगारात भागत नाही. पण मी घरात नाही उडवत, गॅलरीत नेतो."

"गॅलरीत आणखी काय असतं?"

"काय असणार? कपडे वाळत असतात, गोधड्या..." बोलता बोलता तो थांबला. त्याने ब्लोअरची वायर गुंडाळायला घेतली. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, "ती रविवारी माझ्या शेजारीच बसते, डॉक्टर. स्क्रू गोळा करून द्यायला आवडतं तिला."

त्या धुळीत असते काय?

आपण धुळीला ‘माती’ म्हणतो. घरातल्या धुळीत मातीखेरीज इतर पुष्कळ असते. आपल्याच अंगावरून गळणारे कातडीचे सूक्ष्म पापुद्रे, केस, कपड्यांचे धागे, बुरशीचे बीजकण, झुरळांचे तुकडे, पालीच्या लेंड्या, उदबत्तीची आणि स्वयंपाकाच्या धुराची काजळी, रस्त्यावरून आणि चालू बांधकामावरून आलेला सिमेंट-रेतीचा भुगा. संगणकाचा पंखा दिवसभर खोलीतली हवा आत ओढतो आणि त्यातले हे सगळे आत साठवतो. म्हणून पेटीतली धूळ म्हणजे त्या खोलीचा जमाखर्चच होय.

मुलीच्या वडिलांनी मला सांगितले की पेटी उघडली की ती कुठून आली हे ते ओळखतात. उल्हासनगरच्या जीन्स शिवणाऱ्या युनिटमधली असेल तर आत निळा कापूस निघतो. गिरणीवाल्याची असेल तर पांढरे पीठ, सलूनमधली असेल तर केस. जिथे दिवसभर उदबत्ती जळते तिथली धूळ काळी आणि चिकट. मी ऐकत होतो आणि मनात म्हणत होतो, जे या पेटीत तेच त्या त्या ठिकाणच्या माणसांच्या छातीत जात असणार! पिठाच्या धुळीने गिरणी-बेकरीवाल्यांना होणारा दमा तर वैद्यकशास्त्राला फार जुना परिचयाचा आहे.

या सगळ्यांत ॲलर्जीचा मोठा गुन्हेगार म्हणजे धुळीतला माइट हा जीव. हा कोळ्याच्या जातकुळीतला. मिलिमीटरचा जेमतेम पाव ते तिसरा हिस्सा. कातडीचे पापुद्रे हे त्याचे खाणे आणि दमट हवा ही त्याची आवड. आपली कोकणपट्टीची हवा त्याला मानवते. त्याच्या विष्ठेतल्या प्रथिनांनी ॲलर्जी होते. तो संगणकापेक्षा गादी-उशी-गोधडीतच अधिक राहतो. गॅलरीत उडवलेल्या धुळीने वाळत घातलेल्या गोधडीत त्याला आणखी खाऊ मिळतो.

जुन्या संगणकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. प्लॅस्टिकने पेट घेऊ नये म्हणून त्यात ब्रोमीनयुक्त रसायने मिसळली जात. ती हळूहळू बाहेर पडून धुळीत उतरतात. त्यांतली काही २००९ साली आणि आणखी एक २०१७ साली स्टॉकहोम कराराच्या घातक रसायनांच्या यादीत घातली गेली. रांगणारी मुले जमिनीवरची बोटे तोंडात घालतात, त्यांना ही धूळ मोठ्यांपेक्षा अधिक मिळते.

आता ही धूळ ‘खाली बसते’ म्हणजे काय ते पाहा. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो. १० मायक्रॉनचा कण डोक्याच्या उंचीवरून, हवा अगदी स्थिर असली तरी, जमिनीवर यायला आठ-दहा मिनिटे घेतो. अडीच मायक्रॉनच्या कणाला दोन तासांच्या आसपास लागतात आणि एक मायक्रॉनच्या कणाला दहा-बारा तास. घरात तर पंखा चालू असतो, माणसे ये-जा करतात. मोठे कण नाकातले केस आणि शेंबूड अडवतात. अडीच मायक्रॉनहून लहान कण मात्र फुफ्फुसाच्या शेवटच्या फुग्यांपर्यंत पोहोचतात. दुपारी उडवलेली धूळ रात्री झोपलेल्या पोराच्या छातीत कशी जाते, त्याचे हे गणित आहे.

"आणखी काय करता?"

इटलीत बर्नार्दिनो रामाझिनी नावाचा एक वैद्य होऊन गेला (१६३३-१७१४). त्याच्या घरचा मैलाखड्डा उपसायला एक कामगार आला होता. "इतकी घाई का करतोस?" असे रामाझिनीने विचारले. "जास्त वेळ इथे थांबलो तर डोळे जातील," अशा अर्थाचे उत्तर त्याला मिळाले. त्या उत्तराने वैद्य अस्वस्थ झाला. मग तो खाणीत, कारखान्यांत, भट्ट्यांवर हिंडला आणि कोणत्या धंद्याने कोणता रोग होतो यावर त्याने १७०० साली ग्रंथ लिहिला. रोग्याला विचारायच्या जुन्या प्रश्नांत आणखी एकाची भर घाला, असे त्याने वैद्यांना सांगितले. तो प्रश्न म्हणजे, "तुझा धंदा कोणता?"

तो प्रश्न मी विचारला होता, पण एकदाच. आपल्या गावात माणसाचा धंदा एकच थोडाच असतो? सकाळी कंपनी, संध्याकाळी शिकवणी. दिवसा रिक्षा, रात्री पीओपीचे काम. घरी पापड-मसाला, सुट्टीत संगणक दुरुस्ती. म्हणून आता मी दोनदा विचारतो, "काय करता?" आणि मग, "आणखी काय करता?" आणि तिसरे म्हणजे, "ते कुठे करता?" वाचकहो, तुमच्या डॉक्टरांनी विचारले नाही तर तुम्ही आपणहून सांगा.

धुळीचा प्रश्न धुळीत काम करणाऱ्यालाच नीट कळतो, याचे एक उदाहरण सांगतो. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात जेम्स स्पँग्लर नावाचा एक झाडूवाला होता. त्याला दम्याचा त्रास होता आणि झाडताना उडणाऱ्या धुळीने तो वाढे. १९०७ साली त्याने पंख्याची मोटर, साबणाचा खोका, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा जोडून धूळ ओढून घेणारे यंत्र बनवले आणि पुढच्या वर्षी त्याचे पेटंट घेतले. पुढे ते हूवर या नावाने जगभर विकले गेले. धूळ उडवायची नाही, धरून ठेवायची, हे त्या दमेकरी माणसाला सुचले. आपल्याला हेच एक सूत्र लक्षात ठेवायचे आहे.

आपल्याकडे संगणक नवे होते तेव्हा त्यांचे केवढे सोवळे असे! चपला बाहेर, खिडक्या बंद, पडदे, एसी आणि खाली जाडजूड गालिचा. २००१ साली एमकेसीएल स्थापन झाली आणि एमएस-सीआयटीचे वर्ग गावोगावी निघाले, तेव्हाही अनेक ठिकाणी दारात चपलांचा ढीग असे. काळजी यंत्राची होती, आणि त्यात चपला बाहेर काढण्याचा नियम उत्तमच. पण गालिचा म्हणजे धुळीचे आणि माइटचे कोठार! आज ज्यांचे क्लास आहेत त्यांनी गालिचा काढून साधी फरशी ठेवावी आणि ती ओल्या फडक्याने पुसावी.

सर्दी की दमा?

साधी सर्दी सहसा आठ-दहा दिवसांत जाते. खाली दिलेल्या गोष्टी दिसल्या तर मात्र दम्याचा किंवा ॲलर्जीचा विचार करून डॉक्टरांना भेटा.

* खोकला रात्री किंवा पहाटे अधिक येणे.
* छातीत घरघर, शिट्टीसारखा आवाज.
* खेळताना, हसताना, धावताना खोकल्याची उबळ.
* ठराविक वारी, ठराविक जागी, ठराविक कामानंतर त्रास आणि गावाला गेल्यावर आराम.

यातली शेवटची खूण घरच्यांनाच दिसते. एका वहीत तारीख, वार, त्रास आणि त्या दिवशी घरात काय काम झाले एवढे लिहून ठेवा. महिनाभराची अशी वही मला कित्येक तपासण्यांपेक्षा उपयोगी पडते.

बोलताना धाप लागणे, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाणे, ओठ निळसर होणे ही धोक्याची लक्षणे आहेत. तेव्हा वाफारा, काढा करीत बसू नका; सरळ रुग्णालय गाठा.

‘पंप’ म्हटले की आपल्याकडे लोक दचकतात. त्या मुलीची आजीही म्हणाली होती, "डॉक्टर, पंप लागला की सुटत नाही म्हणतात." त्यांना मी सांगितले, "आजी, पंपाची सवय लागत नाही. गोळीतून पोटात जाणाऱ्या औषधापेक्षा कितीतरी कमी औषध त्यातून थेट छातीत जातं. चष्मा लावला म्हणून डोळ्याला सवय लागते का?" लहान मुलांना पंप स्पेसर नावाच्या नळकांड्यातून द्यावा. धाप लागल्यावर घ्यायचा पंप आणि रोज घ्यायचा प्रतिबंधक पंप हे दोन निराळे आहेत, हे डॉक्टरांकडून नीट समजून घ्या. नुसत्या धाप थांबवणाऱ्या पंपावर दमेकऱ्याला ठेवू नये, असे दम्याच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात २०१९ पासून सांगितले आहे. बरे वाटले म्हणून रोजचा पंप मनानेच बंद करू नका.

साफसफाई करावी कशी?

संगणक स्वच्छ करू नका असे मी मुळीच म्हणत नाही. धुळीने मशीन तापते, बिघडते आणि तीच धूळ पंखा पुन्हा खोलीत फेकत राहतो. फक्त पद्धत बदलू या. ही पद्धत मुलीच्या वडिलांनी आणि मी मिळून ठरवली. यंत्राचे त्यांनी सांगितले, छातीचे मी.

१. जागा बाहेरची हवी. गच्ची किंवा मोकळे अंगण. वारा आपल्या पाठीकडून वाहू द्या. वाळत घातलेले कपडे, गोधड्या, पापड-कुरडया आधी काढा. शेजाऱ्यांच्या खिडकीखाली उडवणे म्हणजे आपला खोकला त्यांना देणे.

२. लहान मुले, गरोदर बाई, दमेकरी आणि वृद्ध यांना तेथून दूर ठेवा. ज्याला दमा आहे त्याने हे काम स्वतः करूच नये.

३. संगणक बंद करून प्लग भिंतीतून काढा. नंतर चालू करण्याचे बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेली वीज बरीचशी निघून जाते. आत हात घालण्याआधी पेटीच्या धातूला स्पर्श करा. आपल्या अंगावरच्या स्थिर विजेने आतले नाजूक भाग बिघडू शकतात.

४. नाकातोंडाला एन-९५ मास्क घट्ट बसवा. करोनाच्या काळातला घरात पडून असेल. रुमालाने जाड धूळ अडते, बारीक नाही. डोळ्यांना चष्मा असावा.

५. आधी बाहेरचा भाग ओलसर, घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसा. आतला जाड थर मऊ, कोरड्या ब्रशने हलकेच सोडवून खाली पसरलेल्या ओल्या कागदावर पाडा. व्हॅक्यूम क्लिनर असेल तर त्याचे तोंड जवळ धरून धूळ ओढून घ्या; भागांना टेकवू नका, त्यानेही स्थिर वीज तयार होते. निम्म्याहून अधिक धूळ अशी न उडता निघते.

६. उरलेल्यासाठी ब्लोअर, तोही थोडा थोडा. त्या वेळी पंख्याची पाती काडीने धरून ठेवा. ती भरधाव फिरली तर बेअरिंग बिघडते.

७. पडलेली धूळ ओल्या कागदात गुंडाळून पिशवीत बांधा. जागा झाडू नका, ओल्या फडक्याने पुसून घ्या.

८. कपडे बदला, हातपाय-तोंड धुवा आणि मगच मुलाला उचलून घ्या.

पेटी जमिनीवर न ठेवता वीतभर उंच ठेवली तर धूळ कमी जाते. दर दोन-तीन महिन्यांनी बाहेरच्या जाळ्या पुसल्या तर वर्षातून एकदा ढग उठवायची वेळ येत नाही. लॅपटॉप, टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स आणि वायफायची डबी यांनाही हाच नियम. लॅपटॉप मात्र माहीतगारालाच उघडू द्या.

हे करू नका

तोंडाने फुंकर मारू नका. थुंकीचे थेंब आत जातात आणि फुंकरीनंतर घेतलेल्या खोल श्वासाबरोबर तीच धूळ आपल्या छातीत येते.

वीज पुरवणारी डबी, म्हणजे एसएमपीएस, उघडू नका. प्लग काढल्यावरही तिच्यात काही वेळ ३०० व्होल्टहून अधिक दाबाची वीज शिल्लक असू शकते. जुन्या काचेच्या नळीच्या मॉनिटरच्या आत तर हजारो व्होल्ट असतात. तोही उघडू नका.

लेझर प्रिंटरची काळी पावडर सांडली तर साधा व्हॅक्यूम क्लिनर लावू नका. ती पावडर इतकी बारीक असते की त्याच्या पिशवीतून आरपार जाऊन खोलीभर होते. ओल्या फडक्याने टिपून घ्या. हाताला लागली तर थंड पाण्याने धुवा. गरम पाण्याने ती चिकटते.

स्पिरिटने पुसताना जवळ निरांजन, उदबत्ती नको. पूजेच्या घाईत हे हमखास विसरते. डब्यातून फवारून मारायची हवा मिळते, तीही बंद खोलीत वापरू नका. तिच्यातला वायू बहुधा ज्वालाग्राही असतो आणि तो हुंगणे जिवावर बेतू शकते.

पुराचे पाणी शिरले असेल तर

२६ जुलै २००५ चा पूर इथे कोण विसरेल? २०१९ च्या जुलैतही उल्हास नदीच्या पुराने बदलापूरकरांची झोप उडवली आणि बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकून पडली. पूर ओसरल्यावर भिजलेल्या यंत्रात गाळ बसतो आणि वाळला की त्याची बारीक पूड होते. त्या गाळात सांडपाणी असते, पुढे बुरशी धरते. म्हणून गाळ ओला आहे तोवरच हातमोजे घालून पुसून काढा. वाळल्यावर ब्लोअर मारू नका. आणि ‘चालतंय का बघू’ म्हणून भिजलेला संगणक प्लगला जोडू नका. आधी माहीतगाराला दाखवा. यंत्र गेले तर दुसरे घेता येते.

त्या मुलीचे पुढे काय झाले?

वडिलांनी दुसऱ्याच दिवसापासून घरी मशीन आणणे बंद केले. आता ते गिऱ्हाइकाकडे जाऊन, त्याच्याच अंगणात किंवा गच्चीत काम करतात. सुरुवातीला काही गिऱ्हाइके तुटली. "मास्कबिस्क कशाला, पाच मिनिटांचं तर काम!" असे लोक म्हणत. चार पैसे कमी झाले. घरच्या गोधड्या गरम पाण्यात धुतल्या, उशीला घट्ट विणीचे अभ्रे घातले. मुलीचा रोजचा पंप नियमित सुरू झाला.

त्यानंतरच्या पावसाळ्यात तिला दोनदाच त्रास झाला, तोही सौम्य. पहाटे खांद्यावर टाकून आणायची वेळ आली नाही. यात गुण ब्लोअर थांबल्याचा किती आणि पंपाचा किती, हे मला वाटून सांगता येणार नाही. रात्री सुटणारा उग्र वासही तसाच आहे. त्याविषयी नगरपालिकेकडे आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आपण तक्रारी केल्याच पाहिजेत, लेखी केल्या पाहिजेत. पण कारखान्याची चिमणी उद्या सकाळी आपल्या हातात येणार नाही. ब्लोअरचे बटण आज हातात आहे.

मुलीची आई परवा भेटल्या. मी त्यांना म्हणालो, "ताई, तुम्ही सोमवारचं विचारलं होतंत. तेव्हाच मी ऐकायला हवं होतं." त्या हसून म्हणाल्या, "आता वही ठेवते डॉक्टर. बघा." सोमवारचे रकाने बहुतेक रिकामे होते.

यंदा दसऱ्याला संगणकाला माळ जरूर घाला. त्याआधी तो गच्चीत न्या, मास्क लावा, ओले फडके घ्या आणि पोरांना म्हणावे, स्क्रू नंतर गोळा करू, आता खाली जाऊन खेळा.